छत्तीस वर्षांची आई

डोळे मिटा, असं मी म्हटलं असतं; पण डोळे मिटले तर पुढचं वाचणार कसं? तेव्हा उघड्या डोळ्यांनीच बघा. समोर एक भली मोठी पांढरी चादर आहे, हॉटेलातल्या दोन माणसांच्या पलंगावर घालतात तेवढी. तिची दोन टोकं तुमच्या हातात, दोन समोरच्या बाईच्या हातात. दोघींनी एकदम झटकायची, ताणायची, चालत एकमेकींजवळ यायचं, टोकाला टोक जुळवायचं, पुन्हा मागं सरायचं. असं चारदा केलं की एक घडी. सकाळी आठपासून संध्याकाळी पाचपर्यंत अशा पाचशे घड्या, आणि सगळ्या उभ्यानं.

एकटीला हे काम जमत नाही. म्हणून खारूची आई ज्या लाँड्रीत कामाला होती, तिथं घडीच्या टेबलांवर बायका जोडीनंच उभ्या असायच्या. चहाची सुट्टी जोडीला मिळायची. रजा हवी असेल तर साहेबाच्या आधी जोडीदारणीला विचारायचं. दिवसभर समोर एकच चेहरा. घरी नवरासुद्धा इतका बघत नाही, असं त्या बायका हसून म्हणायच्या.

खारू अकरा वर्षांची होती. खाताना दोन्ही गाल भरून घ्यायची, म्हणून खारू. तिचे बाबा लांब पल्ल्याच्या ट्रकवर होते, महिन्यातून दोनदा घरी यायचे. त्यामुळे साडेतीनला शाळा सुटली की ती थेट लाँड्रीच्या आवारात यायची, मळक्या चादरींच्या गाठोड्यांवर बसून गृहपाठ करायची आणि पाचचा भोंगा झाला की आईबरोबर घरी जायची.

आईची आधीची जोडीदारीण होती उंच मावशी. खरंच इतकी उंच, की चादर जमिनीला टेकू नये म्हणून आईला टाचा उचलाव्या लागायच्या. दोन वर्षांपूर्वी लाँड्रीत तपासणीची गाडी आली होती. ही गाडी म्हणजे चाकांवरचा छोटा दवाखानाच. आत एक यंत्र असतं. बाईची छाती दोन पाट्यांच्या मध्ये दाबून धरतात आणि तिचा फोटो काढतात. थोडं दुखतं, पण पाच-दहा मिनिटांत सगळं उरकतं. स्तनात कॅन्सरची गाठ धरू लागली असेल तर ती हाताला लागण्याआधी त्या फोटोत दिसू शकते. तपासणी फुकट होती. पण तेव्हा ती पन्नाशीच्या पुढच्या बायकांसाठीच होती, आणि तीही घरी पत्र आलं असेल तर.

उंच मावशी सेहेचाळीस वर्षांची होती. ती गेली, आणि गाडीच्या दारातून परत आली.

"काय झालं गं?" आईनं विचारलं.

"म्हणाले, पन्नाशीनंतर या." मावशी खदखदून हसली. "जन्मात पहिल्यांदा कुणी मला लहान म्हटलं! आता घरी जाऊन नवऱ्याला सांगते, जरा जपून बोल, मी अजून वयात यायचेय!"

सगळं टेबल हसलं. खारूही हसली.

वर्षभरानं मावशीच्या छातीत गाठ लागली. तोवर उशीर झाला होता. मागच्या उन्हाळ्यात ती गेली. त्या दिवशी फोटो काढला असता तर ती वाचली असती का, हे खात्रीनं कुणालाच सांगता येणार नाही. दारातल्या माणसांचीही चूक नव्हती; त्यांच्या हातात नियमाचा कागद होता. पण परत पाठवलेल्या अशा बायका गावोगाव होत्या. कुणीतरी त्यांची नावं गोळा केली, वर कळवली, पुन्हा पुन्हा कळवली, आणि शेवटी नियम बदलला.

तो बदललेला नियम खारूनंच पहिल्यांदा वाचला. एका सोमवारी लाँड्रीच्या गेटवर कागद चिकटवलेला होता: 'चाळीस वर्षांवरील सर्व महिलांसाठी. पत्राची गरज नाही. तपासणी मोफत. गाडी या आवारात बुधवार ते शुक्रवार.'

खारूला इतका आनंद झाला, की ती धावतच आत निघाली. अर्ध्या वाटेत मात्र तिचे पाय जागच्या जागी थांबले. आई चाळिशीच्या वर होती. पण कागदावर नव्हती.

आता ही भानगड सांगायला हवी. सात वर्षांपूर्वी लाँड्रीत बायका घेणं चालू होतं. पण काम उभ्याचं, म्हणून तिशीच्या आतल्याच हव्या होत्या. आई पस्तीसची होती. घरात खारू चार वर्षांची, बाबांचं काम तेव्हा सुटलेलं. आईनं सहा वर्षं खाल्ली आणि एकोणतीस सांगितलं. ती बारीक होती, केस काळेभोर होते, कुणाला शंका आली नाही. तेव्हापासून ऑफिसच्या वहीत ती सहा वर्षांनी लहान होती. खरी बेचाळीस, वहीत छत्तीस.

खारूला हे कळलं ते शाळेच्या फॉर्ममुळे. आईनं तिथंही छत्तीस लिहिलं. खारू गणितात हुशार. "पण आई, मी झाले तेव्हा तू एकतीसची होतीस ना? एकतीस आणि अकरा..." आईनं पटकन दार लावून घेतलं, तिला जवळ बसवलं आणि सगळं सांगितलं. "झाकली मूठ सव्वा लाखाची. कुणी काही विचारलं तर छत्तीस. झोपेतून उठवून विचारलं तरी छत्तीस. कळलं?"

गेटच्या आतल्या बाजूला दुसरी एक जुनी पाटी होती: 'खोटी माहिती देणाऱ्यास कामावरून कमी केले जाईल.' ती नुसती पाटी नव्हती. मागच्या वर्षी एका बाईनं पत्ता खोटा दिल्याचं उघडकीला आलं, तर दुपारच्या आत तिचा डबा तिच्या हातात देऊन तिला गेटबाहेर काढलं होतं. खारूनं ते गाठोड्यांवरून पाहिलं होतं. त्या बाईला चप्पलसुद्धा नीट घालता येत नव्हती.

म्हणून सोमवारी खारू हळू चालत आत गेली आणि गाठोड्यावर गप्प बसली.

आत टेबलावर त्याच कागदाची चर्चा चालली होती. उंच मावशीच्या जागी आता जी जोडीदारीण होती, तिला सगळ्या रेडिओ म्हणायच्या. गोरीपान, ठसठशीत, आणि उचलली जीभ लावली टाळ्याला. लाँड्रीत सकाळी घडलेलं दुपारपर्यंत तिच्यामुळे बॉयलरवाल्यालाही कळायचं.

"चाळिशीच्या बायकांनो, व्हा पुढं!" रेडिओ चादर झटकत ओरडली. "आम्हाला काय, अजून वेळ आहे बाई! मी अडतीसची, आणि ही माझी पोर तर छत्तीसचीच. काय गं?"

"हो ना," आई म्हणाली.

दोघी हसल्या. जरा जास्तच मोठ्यानं हसल्या.  खारूला वाटलं, रेडिओला कळलं तर संपलं.

बुधवारी गाडी आली. पांढरी, लांब, बाजूला लोखंडी पायऱ्या आणि जाड दार. पायऱ्यांपाशी टेबल टाकून लाँड्रीचा क्लार्क बसला. त्याच्यापुढे ऑफिसनं काढलेली चाळिशीवरच्या बायकांची यादी होती; तो नाव पुकारायचा, बाई यायची, तो खूण करायचा. कोण किती मिनिटं कामावरून उठली तेही लिहायचा. आईचं नाव त्या यादीत नव्हतं. असणार कसं?

खारू गाठोड्यांवर बसून दाराकडे बघायची. दर वेळी ते जाड दार बंद झालं की तिला उंच मावशीचं हसणं ऐकू यायचं. तेव्हा ती पटकन आईकडे बघायची. आई टाचा न उचलता चादर ताणत असायची. आईला काही झालेलं नव्हतं. मग खारूला आठवायचं, की मावशीलाही तेव्हा काही झालेलं नव्हतं. ही आठवण आली की वहीत पेन्सिल चालायची नाही.

शुक्रवारी चारच्या सुमाराला गाडीतली सिस्टर बाटली भरायला नळावर आली. केस पिकलेली, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला, आवाज घोगरा.

"काय गं, तीन दिवस बघतेय तुला. गृहपाठ करतेस की आमच्यावर पहारा ठेवतेस?"

खारू पेन्सिलीला टोक करू लागली.

"मला एक सांग," सिस्टर बाटलीचं झाकण लावत म्हणाली, "या कारखान्यात सत्तर बायका. त्यात चाळिशीच्या वरच्या फक्त अकरा. पाणी कोणतं पिता गं तुम्ही? मलाही दे थोडं."

 खारूला वाटलं, सिस्टरला आपल्या कपाळावर लिहिलेलं दिसतंय. पळून जावं असं वाटलं. पण सिस्टर परत निघाली, तेव्हा खारूच्या तोंडून निघून गेलं, "एक मुलगी आहे."

"बरं?"

"म्हणजे माझ्या ओळखीची. तिच्या आईचं वय कागदावर कमी आहे. खरं जास्त आहे. तर... तिला करता येतं का?"

सिस्टरनं बाटली खाली ठेवली. हसली नाही. "या मुलीची आई इथंच काम करते?"

"नाही!" खारू इतक्या जोरात म्हणाली, की क्लार्कनं मान वर केली.

सिस्टर नळाकडे वळली आणि पुन्हा बाटली भरू लागली, भरलेली असूनही. हळू बोलली, "त्या मुलीला सांग, इथं जागा कारखान्याची, वेळ कारखान्याचा, म्हणून यादीही कारखान्याची. पण उद्या ही गाडी भाजी मार्केटच्या मागच्या मोकळ्या जागेत उभी राहणार आहे. संध्याकाळी सातपर्यंत. नवीन नियमात वेळही वाढवलीय, कामावरच्या बायकांना दिवसा यायला जमत नाही म्हणून. तिथं टेबलावर मी असेन. कारखान्याचा माणूस नाही. बाईनं स्वतःचं वय सांगायचं, मी लिहायचं. ते कुठल्याही साहेबाकडे जात नाही. निकालाचं पत्र फक्त तिच्या घरी."

"आणि फोटोत काही निघालं तर?"

"काहीजणींना पुन्हा बोलावतो, नीट बघायला. त्यातल्या बहुतेक ठणठणीत निघतात. एखादीला खरंच काही असतं. पण तेव्हा ते दाण्याएवढं असतं, आणि दाण्याएवढ्याशी लढता येतं." मग तिनं चष्म्यावरून खारूकडे बघितलं. "ती मुलगी फार घाबरलीय का गं?"

खारूनं मान डोलावली आणि वहीत तोंड घातलं.

घरी गेल्यावर आई भांडी घासत होती. खारू मोरीच्या दाराशी उभी राहिली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

आईच्या हातातलं पातेलं खाली पडलं. "कुणाला काय सांगितलंस तू?"

"तुझं नाव नाही सांगितलं. एक मुलगी म्हणाले."

"एक मुलगी! आणि ती बाई काय दूधखुळी आहे? माझ्या पोटावर पाय आणायचाय का तुला? क्लार्कला कळलं, रेडिओला कळलं, मग?"

"क्लार्क नाहीये तिथं. आई, कुणीच नाहीये. सातपर्यंत उघडं आहे. तू पाचला सुटतेस."

आता बघा हं, मुलांनो. क्लार्क गेला, यादी गेली, वेळेची अडचण गेली. आईनं हात पुसून 'बरं, जाऊ' म्हणायला काही हरकत नव्हती. पण आई म्हणाली, "उद्या जादा काम निघेल." खारू म्हणाली, शनिवारी निघत नाही. आई म्हणाली, "मार्केटात ओळखीचे भेटतात." मग म्हणाली, "तिथं चिखल असतो." मग म्हणाली, "मला काही होत नाहीये, धडधाकट आहे मी, उगाच विषाची परीक्षा कशाला?"

"मावशीलाही काही होत नव्हतं."

 आई घासलेलंच पातेलं पुन्हा घासू लागली. पाठमोरीच म्हणाली, "ती सेहेचाळीसची होती."

"आणि तू?"

"छत्तीस," आई म्हणाली.

घरात त्या दोघींशिवाय कुणी नव्हतं. दार बंद होतं. तरी आई छत्तीस म्हणाली. आणि खारूला कळलं, की आईला साहेबाची भीती आहेच, पण तिच्याखाली आणखी एक भीती बसलेली आहे. खोटं वय आईनं कामासाठी घेतलं होतं; आता ती त्याच्या आत राहत होती. छत्तीसच्या बाईला कुणी त्या गाडीत बोलावत नाही. छत्तीसच्या बाईला काही होत नाही. जोवर आई छत्तीसची आहे, तोवर ते जाड दार तिच्यासाठी नाही.

मोठी माणसं घाबरत नाहीत, असं खारूला आजवर वाटत असे. आई पाठमोरी उभी होती आणि तिचे खांदे हलत होते.  आपण घाबरलो तर आईकडे जाता येतं; आईच घाबरली तर कुठं जायचं?

"मी उद्या पाचला गेटवर उभी राहीन," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही.

शनिवारी पाचचा भोंगा झाला. बायका घोळक्यानं बाहेर पडल्या. रेडिओ कधी नव्हे ती कुणाशी न बोलता भराभरा पुढं निघून गेली. आई आली. खारूकडे न बघता घराच्या रस्त्याला लागली. खारू मार्केटच्या रस्त्याला लागली. वीस-पंचवीस पावलं गेली तरी तिनं मागं वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर ती रडली असती. मग मागून चपलांचा आवाज आला, आणि आईनं तिचा दंड घट्ट धरला.

"नुसतं बघून येऊ," आई म्हणाली. "लांबूनच."

मार्केट उठत आलं होतं. रिकाम्या क्रेटच्या उतरंडी, पायाखाली कोबीची चिरडलेली पानं, एक माणूस पाइपानं फरशी धूत होता. मागच्या मोकळ्या जागेत पांढरी गाडी उभी होती आणि तिचा जनरेटर घरघरत होता. पुढं टेबल, टेबलाशी सिस्टर, बाजूला एक लाकडी बाक. तीन बायका रांगेत होत्या. लांबूनच बघता बघता आई आणि खारू चौथ्या झाल्या.

रांग सरकत होती तसा आईचा हात खारूच्या हातात ओला होत होता. पुढच्या बाईनं वळून सहज विचारलं, "पहिलीच वेळ का हो?" आई गाडीच्या दाराकडेच बघत राहिली. दार उघडायचं, एक बाई ब्लाउज सारखा करत उतरायची, दुसरी चढायची, दार बंद व्हायचं. खारू प्रत्येक उतरणाऱ्या बाईच्या तोंडाकडे बघायची. तिथं काहीच लिहिलेलं नसायचं.

मग टेबल आलं. सिस्टरनं खारूला बघितलं, पण ओळख दाखवली नाही.

"नाव नंतर. आधी वय सांगा, ताई."

आई ताठ उभी राहिली. "छत्तीस."

सिस्टरचं पेन थांबलं. तिनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "मी जे लिहीन ते इथंच राहतं, ताई. पुन्हा विचारते. वय?"

"छत्तीस."

सिस्टरनं श्वास सोडला. तिच्याही हातात नियमाचा कागद होता. "मग नियमानं चार वर्षांनी या."

आईचा चेहरा सैल झाला. परीक्षा रद्द झाल्यावर मुलांचा होतो ना, अगदी तसा. "बघ, झालं ना समाधान?" ती म्हणाली आणि वळून चालू लागली.

खारू हलली नाही.

सत्य तिला ठाऊक होतं. एक आकडा मोठ्यानं म्हटला असता तर झालं असतं. पण तिनं कुणाला सांगणार नाही म्हणून कबूल केलं होतं. आणि वय आईचं होतं, छाती आईची होती, त्या दारातून आईलाच जायचं होतं. दुसऱ्याला ढकलून तिथं पाठवता येत नाही, हे अकरा वर्षांच्या मुलीलाही कळत होतं. तिनं टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली.

"खारू, चल."

"मी नाही येत."

"तमाशा करू नकोस. चल म्हणते ना."

"तू छत्तीसची असतीस तर मी आले असते," खारू म्हणाली, आणि मग तिला रडू आवरेना. ती हुंदके देत नव्हती. नुसतं पाणी वाहत होतं आणि टेबलाची कड सुटत नव्हती.

आई क्रेटांच्या उतरंडीपाशी उभी होती. पाइपवाल्या माणसानं पाणी बंद केलं. जनरेटर घरघरत राहिला. आई किती वेळ तिथं उभी होती, खारूला कधी सांगता आलं नाही. मग ती परत आली, एक एक पाऊल टाकत, पाय चिखलात रुतत असल्यासारखी. तिनं टेबलावर हात टेकले.

"बेचाळीस," ती म्हणाली. इतक्या हळू, की सिस्टरला पुढं वाकावं लागलं. "मे महिन्यात त्रेचाळीस पूर्ण होतील."

सिस्टरनं लिहिलं.  मग उठली आणि पायऱ्यांपर्यंत तिच्याबरोबर गेली.

दार बंद झालं. सिस्टर टेबलाशी परतली आणि खारू बाकावर बसली.

आता तिला बरं वाटायला हवं होतं. पण भीती गेली नव्हती. उलट आता ती खरी झाली होती. आत यंत्र होतं, दोन पाट्या होत्या, आणि आईच्या छातीत काय आहे ते यंत्राला दिसणार होतं, मग ते काहीही असो. बंद दार उघडून बघितलंच नसतं तर बरं होतं का? खारूनं गुडघे छातीशी घेतले आणि आकडे मोजायला लागली. साठ झाले की एक मिनिट. दुसरं मिनिट. तिसऱ्या मिनिटाला क्रेटांच्या पलीकडून एक बाई आली. तोंडावरून ओढणी घट्ट लपेटलेली, नुसते डोळे दिसत होते. ती रांगेत कुणी नाही हे बघून भराभर टेबलाकडे आली.

चाल खारूच्या ओळखीची होती. तिनं ती रोज गाठोड्यांवरून बघितली होती.

बाईनं बाकाकडे बघितलं आणि जागच्या जागी थिजली. ती रेडिओ होती.

 सगळं संपलं, असं खारूला वाटलं. आता दार उघडेल, आई उतरेल, रेडिओ बघेल, आणि सोमवारी दुपारच्या आत आईचा डबा आईच्या हातात असेल. तिला उठून दाराशी जावं, आईला बाहेरूनच सांगावं, उतरू नकोस म्हणून, असं वाटलं.

 पण रेडिओनं ओढणी आणखी ओढून घेतली. डोळे इकडेतिकडे पळत होते. मग ती म्हणाली, "अगं, मी... मी भाजी घ्यायला आले होते. मार्केट बंद झालं वाटतं," आणि मागं वळली.

तिच्या हातात पिशवी नव्हती. आणि चाळिशीच्या आतली बाई तोंड बांधून या टेबलाकडे कशाला येईल? खारूनं तिच्या डोळ्यांकडे बघितलं होतं. ती भीती तिनं काल मोरीच्या दारातून बघितली होती आणि आज क्रेटांपाशी. रेडिओला आईच्या बेचाळीसची बातमी लागली नव्हती. रेडिओला वाटत होतं, की आपलीच बातमी फुटली. साडेतीनला शाळेतून येऊन गाठोड्यावर बसणारी पोर आता जाऊन आईला सांगेल, आणि आई सगळ्या लाँड्रीला.

एक पाऊल. दोन पावलं. ती जात होती. सिस्टर खाली वाकून कागद लावत होती, तिनं बघितलंच नव्हतं. खारूनं नुसतं गप्प बसायचं होतं. रेडिओ गेली असती, आईचं गुपित झाकलेलं राहिलं असतं, आणि सोमवारी दोघी पुन्हा एका चादरीच्या दोन टोकांना उभ्या राहून मोठ्यानं हसल्या असत्या.

खारू उठली.  तिनं धावत जाऊन रेडिओची ओढणी मागून धरली.

"काकू, जाऊ नका," ती म्हणाली. "माझी आई आत आहे. ती बेचाळीस वर्षांची आहे."